एका पानावर चौदा ‘कल्पना’

प्रश्न : मी एका संस्थेच्या कार्यालयात काम करते. दर महिन्याच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. बैठका बहुतेक नव्या उपक्रमांच्या असतात, त्यामुळे कोणाला काय सुचलं आणि कोण काय म्हणालं हेच लिहायचं असतं. मागच्या वेळी आमच्या कार्यवाहांनी एका पानावरच्या प्रत्येक ‘कल्पना’भोवती लाल गोल काढला. मी मोजले, चौदा भरले. ‘शेअर केली’ सात वेळा. समासात लिहिलं होतं, ‘मराठीत दुसरे शब्द नाहीत का?’ मग समानार्थी शब्द शोधून घातले, तर वाक्यं कोणा दुसऱ्याचीच वाटायला लागली. ‘कल्पना’ आणि ‘शेअर करणे’ यांच्यासाठी वीस-पंचवीस चांगल्या शब्दांची यादी द्याल का? टेबलासमोर चिकटवून ठेवीन. दोन्ही पानं सोबत जोडली आहेत, जुनंही आणि दुरुस्त केलेलंही.

ता. क. – कर्मचाऱ्यांना काही सुचलं तर लिहून टाकता यावं म्हणून दाराशी एक पेटी ठेवायची आहे. ‘आयडिया बॉक्स’ हे नाव जवळजवळ ठरलंय. मराठी नाव सुचवाल का?

– लाल गोलांनी घेरलेली

उत्तर :

यादी देत नाही. दिली तर पुढच्या इतिवृत्तात चौदा वेगवेगळे शब्द येतील, आणि कार्यवाहांना चौदा वेगळे गोल काढावे लागतील. तुमचं दुरुस्त केलेलं पान वाचून हे म्हणतेय. त्यात ‘लेखापालांना खर्च कमी करण्याची योजना स्फुरली’ असं वाक्य आहे. कविता स्फुरते, चाल स्फुरते. खर्चाला कात्री लावायची बुद्धी लेखापालांना होते, फार तर सुचते. ती स्फुरली म्हटलं की वाचणाऱ्याला हसू फुटतं, आणि बिचाऱ्या लेखापालांना कळतही नाही की लोक का हसताहेत.

मात्र तुम्हाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मुद्रितशोधक म्हणून नवी नवी लागले तेव्हा एका संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्या हाती आला. एका पानावर ‘चर्चा’ सहा वेळा. मी कोश उघडला आणि हौसेने शब्द बदलले. ‘विश्वस्तांनी खलबते केली’, ‘अध्यक्षांनी आपला मनसुबा सांगितला’, ‘क्लृप्ती योजून निधी उभारला’. अहवाल छापला गेला. वाचणाऱ्याला वाटावं की विश्वस्तांनी रात्री दारं लावून तिजोरी फोडायचा कट केला. एकही शब्द चुकीचा नव्हता, कोशात प्रत्येकासमोर जवळचाच अर्थ दिला होता. पण खलबत हा शब्द अरबीतल्या ‘खल्वत’वरून आला, त्याचा अर्थ एकांत. (खलबत्त्याशी त्याचा काही संबंध नाही, हे जाता जाता.) चार भिंतींबाहेर जाऊ नये म्हणून केलेलं बोलणं म्हणजे खलबत. आणि मनसुबा? अरबी-फारसीत बुद्धिबळातल्या रचून ठेवलेल्या डावाला, कोड्याला मन्सूबा म्हणत. पुढच्या चार चाली डोक्यात ठेवून बसलेला माणूस त्या शब्दात अजून दिसतो. म्हणून मराठीत मनसुबे सहसा दुसऱ्याचे असतात, आणि ते उधळून लावायचे असतात.

आता तुमच्या मूळ पानाकडे वळू. मी पेन्सिल घेऊन बसले आणि चौदा ‘कल्पनां’ची छाननी केली. त्यातल्या तीन वाचताना बातम्या होतात. पाच सूचना आहेत. दोन शंका, एक सरळसरळ तक्रार. खऱ्या कल्पना उरल्या तीन. म्हणजे तुमची अडचण शब्द कमी पडण्याची नाहीच. पाच तऱ्हेच्या गोष्टींना तुम्ही एकच टोपी घातलीत.

बातम्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे म्हणायचं होतं एक आणि लिहिली गेली बातमी, अर्थाचाच अनर्थ झालाय. तुम्ही लिहिलंय, ‘व्यवस्थापकांनी अध्यक्षांना नव्या वेळापत्रकाची कल्पना दिली.’ तुम्हाला म्हणायचं होतं, नवं वेळापत्रक करावं असं व्यवस्थापकांनी सुचवलं. पण मराठीत कल्पना देणं म्हणजे आधी कानावर घालणं. ‘उशीर होईल अशी घरी कल्पना देऊन ठेव’ यात कोणी काही नवं शोधून काढत नाही. ‘मला कल्पना नव्हती’ म्हणजे ठाऊक नव्हतं. ‘कल्पना कर’ म्हणजे चित्र डोळ्यांसमोर आण. एकाच नामाला तीन वेगवेगळ्या क्रियापदांनी तीन दिशांना ओढून नेलंय. तुमच्या वाक्याचा अर्थ कोणीही असाच लावील की वेळापत्रक ठरून गेलं होतं, अध्यक्षांना फक्त कळवलं. अध्यक्ष हे वाचून चिडले असतील तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच : नाम बदलत बसू नका, क्रियापद शोधा. विचारांच्या बाबतीत मराठीची सगळी श्रीमंती क्रियापदांत आहे, आणि आपण कार्यालयात शिरलो की ती दाराबाहेर ठेवून येतो. आत आल्यावर हाताशी उरतात ‘करणे’, ‘देणे’ आणि ‘शेअर करणे’.

‘सुचणे’च घ्या. ‘मला सुचलं’ या वाक्यात मी कर्ता नाही. मला चतुर्थी लागली आहे. मला आठवलं, मला वाटलं, मला उमगलं, माझ्या मनात आलं, सगळीकडे तेच. विचार आपल्या पायांनी येतो आणि माणूस म्हणजे तो जिथे उतरतो ती जागा. म्हणूनच ‘माझ्याकडे एक कल्पना आहे’ हे ऐकलं की मला ‘माझ्याकडे एक छत्री आहे’ असं ऐकू येतं. हल्ली सगळेच तसं बोलतात, ते कानाला सवयीचंही झालंय, पण सहज बोलताना आपण ‘मला एक सुचलंय’ म्हणतो आणि त्यात ‘कल्पना’ हा शब्दच लागत नाही. तुमच्या पानावरच्या तीन गोलांचा निकाल एवढ्यानेच लागतो.

या क्रियापदाचं दुसरं रूप तर मला फारच आवडतं. करणे-करवणे, बसणे-बसवणे, तसं सुचणे-सुचवणे. मला आलं ते सुचणं. तुझ्याही डोक्यात ते यावं अशी व्यवस्था करणं म्हणजे सुचवणं. विचार निर्माण होणं आणि तो दुसऱ्यापर्यंत पोचवणं या दोन्ही गोष्टी एका अक्षराच्या अंतरावर आहेत. तुम्ही दोन स्वतंत्र याद्या मागितल्यात, एक कल्पनेची आणि एक शेअर करण्याची. मराठीने ते काम एका ‘व’मध्ये उरकलं आहे.

‘सूचना’ या नामाला मात्र जपून हात लावा. सुचवलेली गोष्ट ही सूचनाच, आणि वरून आलेला आदेशही सूचनाच. ‘कर्मचाऱ्यांच्या सूचना’ म्हटलं तर त्या मागायच्या असतात. ‘कर्मचाऱ्यांसाठी सूचना’ म्हटलं तर त्या पाळायच्या असतात. तुमच्या पानावर ‘अध्यक्षांनी एक सूचना केली’ असं आहे, ते ठीक. ‘सूचना दिली’ असतं तर तो हुकूम झाला असता. ‘केली’ आणि ‘दिली’ एवढाच फरक, पण लोक त्यावर कामाला लागतात किंवा लागत नाहीत.

विचार आपणहून येत नाही, त्याच्या मागे लागावं लागतं, तेव्हा माणूस पुन्हा कर्ता होतो. डोकं खाजवतो, डोकं चालवतो, डोकं लढवतो, शक्कल लढवतो. लढाईचीच भाषा. इथे थोडं विषयांतर करते, कारण तुमच्या पानावर ‘विचारमंथन’ तीनदा आलंय आणि ते ‘ब्रेनस्टॉर्मिंग’साठी आलंय हे उघड आहे. ही पद्धत लोकप्रिय केली अॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याने. 1948 आणि 1953 सालच्या त्यांच्या पुस्तकांमधून ती जगभर गेली. नियम चार : कोणाच्याही म्हणण्यावर टीका नको, मनात येईल ते बेधडक बोला, जितकं जास्त सुचेल तितकं चांगलं, आणि दुसऱ्याच्या सुचण्यात आपली भर घाला. त्या ‘स्टॉर्म’चा अर्थ पुष्कळांना वादळ वाटतो. ऑस्बॉर्न यांना अभिप्रेत होता हल्ला, किल्ल्यावर सैन्य तुटून पडतं तसं प्रश्नावर डोक्याने तुटून पडणं. म्हणजे त्याला सगळ्यांत जवळचा मराठी शब्द विचारमंथन हा नाहीच. ‘डोकं लढवणं’ हा आहे, आणि तो आपल्याकडे आधीपासून आहे.

मंथन ही संथ गोष्ट आहे. ताक घुसळतात तेव्हा लोणी बाहेरून येत नाही. ते आत असतंच, फक्त वेगळं करायचं असतं. दहा सूचना जमल्या, त्या घोळवून त्यातल्या दोन निवडल्या, हे मंथन. दहा सूचना जमवणं हे मंथन नव्हे. तुमच्या बैठकीत, पानावरून दिसतंय त्याप्रमाणे, दोन्ही झालं. आधी अर्धा तास लोक सुचवत होते, मग तासभर वाद चालला. तुम्ही दोन्हीला मंथन म्हटलंत, म्हणून नंतर वाचणाऱ्याला कळत नाही की निवड केव्हा सुरू झाली आणि नापसंत गोष्टी कोणत्या टप्प्यावर गळल्या.

याच संदर्भात एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. 1958 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी चार-चार जणांचे गट एकत्र बसवले, आणि दुसरीकडे तेवढ्याच लोकांना एकेकटं बसवून त्यांची उत्तरं नंतर एकत्र केली. एकेकट्यांच्या बेरजेत जास्त कल्पना निघाल्या, एकत्र बसलेल्यांच्या कमी. पुढे 1987 मध्ये डील आणि श्ट्रोबं या दोघा मानसशास्त्रज्ञांनी याचं एक मोठं कारण दाखवून दिलं. ते अगदी साधं आहे. एक बोलतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबलेल्या माणसाचं सुचणंही थांबतं किंवा विसरून जातं. कार्यवाहांना हे दाखवा. लोकांना बैठकीआधी चार ओळी लिहून आणायला सांगितल्या तर बैठक आटोपशीर होईल. आणि मुख्य म्हणजे तुमचं इतिवृत्त सोपं होईल, कारण कोणाला काय सुचलं ते कागदावरच असेल. सुचणं एकट्याचं, मांडणं चारचौघांतलं.

‘मांडणे’ हे तुमचं दुसरं मोठं क्रियापद. हिशेब मांडतात, खेळ मांडतात, संसार मांडतात, तसे विचार मांडतात. सगळ्यांना दिसेल असं, ओळीने, समोर ठेवणं. कल्पना, मुद्दा, प्रस्ताव, ठराव, बाजू, भूमिका, सगळं मांडता येतं. सात ‘शेअर’पैकी चार जागी तेच हवं होतं. पण सातही जागी तेच घालू नका, कारण आपण विचार दुसऱ्यापर्यंत नेहमी मांडूनच नेतो असं नाही. कधी नुसता बोलून दाखवतो, म्हणजे आग्रह धरत नाही. कधी कानावर घालतो, म्हणजे जबाबदारी आता तुमची. कधी सूतोवाच करतो. पुराणांत कथा सुरू होताना ‘सूत उवाच’ येतं, सूत बोलता झाला की समजायचं आता पुढे बरंच काही यायचंय. तेव्हा पहिली चाहूल म्हणजे सूतोवाच. तुमच्या अध्यक्षांनी बैठकीच्या शेवटी पुढच्या वर्षीच्या उपक्रमाबद्दल दोन वाक्यं टाकली, तिथे तो शब्द फिट्ट बसेल. आणि कधी आपण पिल्लू सोडून देतो आणि गंमत बघत बसतो. हे इतिवृत्तात लिहिता येत नाही, पण प्रत्येक बैठकीत कोणीतरी ते करतोच.

‘शेअर’ या शब्दाचा मला राग नाही. फोटो शेअर करा, फाईल शेअर करा, खुशाल. तिथे एका वस्तूच्या प्रती खरोखर इकडून तिकडे जातात. विचारांना तो शब्द लावला की नेमकं काय घडलं ते झाकलं जातं : सांगितलं, की सुचवलं, की आग्रह धरला, की नुसतं पुटपुटलं? त्यावर उपाय म्हणून काही लोक ‘विचार सामायिक करणे’ लिहितात. तो उपाय मला रोगापेक्षा वाईट वाटतो. सामायिक भिंत असते, सामायिक विहीर असते. विचार सामायिक केले म्हटलं की वारसांची सही कुठे आहे असं विचारावंसं वाटतं. ‘वाटणे’ तर आणखी गमतीचा शब्द. एक वाटणे म्हणजे वाटप करणं, दुसरं वाटणे म्हणजे मनात येणं, आणि ‘मला वाटतं’ म्हणून आपण रोज जे बोलतो ते ऐकणाऱ्यांना वाटतच असतो. उगीच शब्दाशी खेळतेय मी, पण ‘मला वाटतं’ला कमी लेखू नका. मराठीत विचार पुढे करायची सगळ्यांत अदबशीर रीत तीच आहे. इतिवृत्तात तिचं रूप होतं ‘त्यांच्या मते’ किंवा ‘असे त्यांचे मत पडले’. ‘त्यांनी मत दिले’ मात्र लिहू नका, ते मतदान झालं.

नामांबद्दलही थोडं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मूळ प्रश्न टाळला. कल्पनेच्या जवळची नामं खूप आहेत, पण त्यातलं प्रत्येक नाम ती कल्पना कोणाच्या नजरेतून पाहिली ते सांगतं. कोणी म्हणालं, वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवू. ज्याला ते सुचलं तो त्याला ‘संकल्पना’ म्हणेल. पटलेला सहकारी ‘कल्पना’ किंवा ‘योजना’ म्हणेल. ज्याला रात्री थांबावं लागणार तो म्हणेल, ‘ही काय नवी टूम?’ आणि ज्याच्याकडे विजेचं बिल येतं तो म्हणेल ‘खूळ’. वाचनालय तेच, वेळ तीच. इतिवृत्त लिहिणाऱ्याने टूम आणि खूळ यांच्यापासून लांब राहावं हे उघड आहे, पण ‘संकल्पना’पासूनही राहावं असं माझं मत. न्याय, काळ, शून्य या संकल्पना आहेत. खुर्च्या गोलाकार मांडायच्या, ही संकल्पना नव्हे. तो शब्द तुमच्या दुरुस्त पानावर पाचदा आहे आणि पाचही ठिकाणी फुगलेला आहे.

युक्ती, शक्कल, क्लृप्ती ही तीन भावंडं. युक्ती ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूची, दोन गोष्टींची जुळणी करून काम साधणारी. क्लृप्ती ही कल्पनेची सख्खी बहीण, दोघींचा धातू एकच. पण कल्पनेला मान मिळाला आणि क्लृप्तीला चलाखपणा चिकटला. शक्कल अरबी, तिचा मूळ अर्थ आकार, रूप. ‘शक्कल लढवली’ म्हणताना बोलणाऱ्याच्या आवाजात थोडं कौतुक आणि थोडा संशय असतो. युक्ती इतिवृत्तात चालेल, तीही अडचणीतून वाट काढली असेल तर. बाकीच्या दोघींना चहाच्या वेळी बोलावा. अडचणच सोडवायची असेल तर उपाय आणि तोडगा आहेत, आणि त्या दोघांतही फरक आहे. उपाय एका प्रश्नावर असतो. तोडगा दोन बाजूंच्या मध्ये निघतो, दोघांनाही थोडं सोडावं लागतं. तुमच्याकडे खोलीच्या वेळेवरून दोन विभागांत वाद होता आणि तुम्ही ‘एक कल्पना निघाली’ लिहिलंत. तो तोडगा होता.

बोलण्याच्या प्रकारांत एक शब्द जपून वापरा असं सांगते : ऊहापोह. लोक तो नुसत्या लांबलचक चर्चेला लावतात. ऊह म्हणजे तर्काने पुढे जाणं, अपोह म्हणजे न बसणारं काढून टाकणं. दोन्ही बाजू तपासल्या आणि काही बाद केलं, तरच ऊहापोह. विचारविनिमयात विनिमय हवा, म्हणजे दोन्हीकडून देवघेव. अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले आणि बाकीचे माना डोलावत होते, तो विनिमय नव्हे, मार्गदर्शन लिहा आणि सुटा. भवति न भवति हा माझा लाडका शब्द, संस्कृतात ‘होतं, होत नाही’. चर्चा दोन्हीकडे झुलत राहिली आणि शेवटी कशीबशी एका बाजूला कलली, की ‘बरीच भवति न भवति होऊन ठरले’ लिहावं. जुन्या वळणाचा आहे, पण कार्यवाह खूश होतील असा माझा अंदाज. काथ्याकूट, चर्वितचर्वण, गुऱ्हाळ हे शब्द खरे असले तरी ते तुमच्या वैयक्तिक वहीत राहू द्या. काथ्या कितीही कुटला तरी काथ्याच राहतो हे सभासदांना इतिवृत्तातून कळवण्याची गरज नसते.

दुसऱ्याच्या विचाराला जोडून बोलणं ही वेगळीच जात, आणि तुमच्या पानावर ती पुरती हरवली आहे. ‘ग्रंथपालांनीही एक कल्पना शेअर केली.’ मजकूर वाचला तर दिसतं की त्यांनी स्वतंत्र काही मांडलं नव्हतं, आधीच्या सूचनेत बदल सुचवला होता. म्हणजे भर घातली, पुस्ती जोडली. नुसतं ‘बरोबर आहे’ म्हणाले असते तर दुजोरा. ठरावाला रीतसर पाठिंबा दिला तर अनुमोदन, आणि तिथे सूचक-अनुमोदक ही जोडी ठरलेलीच आहे, तिला हात लावू नका. तेच तेच पुन्हा म्हणाले तर री ओढली. विरुद्ध बाजूला शंका काढणं, हरकत घेणं, मोडता घालणं, फाटे फोडणं अशी उतरंड आहे. पहिल्या दोन लिहिता येतात, पुढच्या दोन लिहिल्या तर पुढची बैठक तुमच्याबद्दल होईल. हे भेद पाळले की कोणती गोष्ट कोणाची, हे आपोआप नोंदलं जातं. आज एकाने सुचवलेलं सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, त्याचं निम्मं कारण असली सपाट इतिवृत्तं असतात.

तुमच्या पानाचा एक तुकडा घेऊन दाखवते. तुम्ही लिहिलं होतं :

‘वाचनालयाच्या वेळेबद्दल विचारमंथन झाले. व्यवस्थापकांनी रात्री नऊपर्यंत वाचनालय उघडे ठेवण्याची कल्पना शेअर केली. ग्रंथपालांनीही एक कल्पना शेअर केली की आठवड्यातून दोनच दिवस ठेवावे. लेखापालांनी विजेच्या खर्चाबद्दल आपली कल्पना शेअर केली. शेवटी सर्वांच्या कल्पना लक्षात घेऊन तीन महिने प्रयोग करण्याची कल्पना मान्य झाली.’

मी असं लिहीन :

‘वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे, असे व्यवस्थापकांनी सुचवले. रोज न ठेवता आठवड्यातून दोन दिवस ठेवावे, अशी ग्रंथपालांनी त्यात दुरुस्ती सुचवली. विजेच्या वाढीव खर्चाचे काय, अशी शंका लेखापालांनी काढली. बरीच भवति न भवति होऊन, तीन महिने दोन दिवस उघडे ठेवून पाहावे असे ठरले.’

‘कल्पना’ एकदाही आली नाही आणि तिच्या जागी तिचा समानार्थी शब्दही आला नाही. ‘सुचवणे’ दोनदा आलंय, ते येऊ द्या. साधा शब्द दोनदा आला तर कोणाच्या डोळ्यांना टोचत नाही. टोचतो तो मोघम शब्द, एकदा आला तरी.

कोश वापरू नका असं मात्र मी म्हणत नाहीये. कसा वापरायचा ते सांगते. समानार्थी शब्दांच्या यादीकडे शेवटी जा. आधी शब्दाबरोबर येणारी क्रियापदं आणि वाक्प्रचार जिथे दिले असतील तिथे जा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 पासून खंडाखंडांनी निघालेला, त्यासाठी उत्तम. जोडीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831 ची, वाढवलेली दुसरी 1857 ची. शब्द चारचौघांत चालतो की नाही याचा तो कधी कधी असा फटकळ शेरा मारतो की वाचतच बसावं. दोन्ही कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. यादीच हवी असेल तर अमरकोशाची पद्धत पाहा. तो अकारविल्हे नाही, विषयवार आहे. बुद्धीसाठीच त्यात मनीषा, धिषणा, धी, प्रज्ञा, शेमुषी, मती असे शब्द एकापाठोपाठ येतात. त्यातले निम्मे आता मुलींची नावं म्हणून उरले आहेत. तुमच्या इतिवृत्तात एकही चालणार नाही, पण वाचायला छान वाटतं.

‘आयडिया’चं म्हणाल तर बोलताना खुशाल म्हणा. मूळ ग्रीक शब्द, ‘पाहणे’ या क्रियापदावरून आलेला, आणि प्लेटोने तो तत्त्वज्ञानात मोठा केला. हाच प्लेटो अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे येईतो अफलातून झाला. तेव्हा तुमच्या कार्यालयात कोणी ‘अफलातून आयडिया!’ म्हणून टेबलावर थाप मारतो तेव्हा त्या बिचाऱ्याला पत्ता नसतो की आपण प्लेटोला त्याच्याच शब्दाला जुंपलंय. इतिवृत्तात नको, कारण तिथे ‘आयडिया’ फार हलकी पडते. एवढंच.

राहिली पेटी. ‘सूचनापेटी’ हा रुळलेला शब्द आहे आणि नेमका म्हणूनच नको. गेली कित्येक वर्षं लोक सूचनापेटीत तक्रारी टाकत आले आहेत. पंखा चालत नाही, पाणी येत नाही. पेटी दिसली की हात आपोआप तक्रार लिहायला लागतो. ‘कल्पनापेटी’ लावलीत तर उलटं होईल. कल्पना म्हटलं की माणसाला वाटतं काहीतरी मोठं, अफाट हवंय, आपलं कसलं इतकंसं, आणि तो चिठ्ठी परत खिशात घालतो. ‘संकल्पना संकलन पेटी’ असं कोणी सुचवलंच, तर ती दुसऱ्या मजल्यावर ठेवा.

पेटीवर नामच कशाला हवं? मोठ्या अक्षरांत ‘सुचलं?’ एवढंच लिहा, प्रश्नचिन्हासकट. शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवा, आणि चिठ्ठ्या कोणत्या वारी उघडणार ते खाली बारीक अक्षरांत लिहा.